बाईंना विचारा : काचेपलीकडचे मासे, अलीकडची पोरं

यंदा सुट्टी संपली आणि टपालातनं एकच विषय यायला लागला: मासे. कुणी रत्नागिरीला जाऊन मत्स्यालय बघून आलंय, कुणी कारवारला, कुणी दिवाळीत जायचं ठरवायलंय. मी बेळगावातल्या मराठी शाळेत बालवाडी आणि पहिलीला 31 वर्षं शिकवलं. माशांची तज्ज्ञ मी नव्हे, पोरांची थोडीफार आहे. पण आमच्याकडं आठवड्यातनं दोनदा बांगडा असतो, तेव्हा माशांशीही अगदीच अनोळखी नाही. आलेल्यातली सहा पत्रं घेतलीत.

बाई, मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. दिवाळीच्या सुट्टीत मत्स्यालय दाखवायचं आहे. मिस्टर म्हणतात मुंबईलाच जाऊ, एकदाच सगळं दाखवून होईल. कुठं जावं आणि किती वेळ धरावा?
एक आई, टिळकवाडी

मिस्टरांना आधी सांगा, मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. मरीन ड्राइव्हवर चर्नी रोड स्टेशनजवळ ते 1951 मध्ये सुरू झालं. 1973 च्या मे महिन्यात वडिलांनी मला तिथं नेलं होतं. बेळगावहून मिरजेपर्यंत छोटी गाडी, मिरजेला ट्रंक डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीत. मी सहा-सात वर्षांची. तिकीट काढलंय म्हणून वडिलांनी एकूण एक टाकी दाखवली. त्यातलं आज मला काय आठवतं? एक पाकट, म्हणजे पसरट चपटा मासा. काचेला पोट लावून ते वर सरकत गेलं आणि पोटाकडच्या बाजूला मला चक्क एक चेहरा दिसला, दोन बारीक डोळे आणि हसरं तोंड. ते डोळे नसतात, पाकटाच्या नाकपुड्या असतात, खरे डोळे वर पाठीकडं असतात, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं. बाकी त्या दिवसाचं उरलंय ते एवढंच: हिरवा उजेड आणि मला पुढं ओढणारा वडिलांचा हात.

म्हणून "एकदाच सगळं" हे डोक्यातनं काढा. दीड वर्षाच्या बाळासकट आत पाऊण तास, फार तर तासभर. पोरगा एकाच टाकीपुढं पंधरा मिनिटं चिकटला तर चिकटू दे. तुम्ही पंचवीस टाक्यांचे पैसे दिलेत हे त्याला कुठं ठाऊक आहे?

आता कुठं. आपल्याकडनं सोयीचं रत्नागिरी. तिथल्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतलं. गोड्या पाण्याचे आणि खाऱ्या पाण्याचे असे दोन्ही मासे आहेत, शेजारच्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. साडेचार वर्षांचा पोरगा त्या सांगाड्याखालनं हलायचा नाही, हे आधीच धरून चाला. रस्ता कोल्हापूरवरनं, आंबा घाटातनं. घाटात पोराला गाडी लागत असेल तर निघताना दूध पाजू नका, कोरडी भाकरी नाहीतर चुरमुरे द्या आणि पिशव्या हाताशी ठेवा. एका दिवसात जाऊन येऊ म्हणणारे येताना कागलजवळ एकमेकांशी भांडत असतात, तेव्हा मुक्काम करा.

दुसरं कारवार. टागोर बीचवर छोटंसं मत्स्यालय आहे, जवळच नौदलाची चपळ ही जुनी युद्धनौका किनाऱ्यावर आणून ठेवलीय. मासे बघून कंटाळलेल्या पोराला ती बोट औषधासारखी लागू पडते. शिवाय कर्नाटकाच्या साध्या बसनं गेलात तर शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही. रत्नागिरीच्या वाटेवर कोगनोळी ओलांडली की ते शून्य संपलं, मग महाराष्ट्राच्या एसटीत निम्मं तिकीट. आपल्या सीमेवरच्या बायकांना पर्समध्ये एवढा हिशेब घेऊन फिरावं लागतं, काय करता! बेंगळुरूच्या कब्बन पार्कातही सरकारी मत्स्यालय आहे, पण त्यासाठी मुद्दाम एवढ्या लांब जाऊ नका. कुठंही निघण्यापूर्वी उघडं आहे का ते विचारून घ्या. दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने दार लावून ठेवायची अशा ठिकाणी रीत आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, ते दिवस टाळा.

बाळासाठी ढकलगाडी नेऊ नका. पायऱ्या असतात, अंधार असतो, गर्दीत ती कुणाच्या तरी घोट्याला लागते. ओढणीनं पोटाशी बांधा. बहुतेक टाक्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतात, साडेचार वर्षांच्या पोराला खालनं नुसते दिवे दिसतात. मिस्टरांचे खांदे त्या कामाला ठेवा.

बाई, नातू तीन वर्षांचा. मत्स्यालयात शिरल्या शिरल्या रडायला लागला. "मासा मला खातोय, माझ्याकडंच बघतोय" म्हणून मला गळामिठी मारून बसला. तिकिटं वाया गेली ते राहू दे, पण आता घरातले त्याला चिडवतात. काय करावं?
एक आजोबा, निपाणी

आजोबा, पहिलं काम घरातल्यांना गप्प बसवायचं. "पोरगा असून भितोस?" हे वाक्य मी शाळेत तीस वर्षं ऐकलं, त्यानं एकाही पोराची भीती गेलेली बघितली नाही. पोर भ्यायलंय हे सांगायचं तेवढं बंद करतं.

आणि नातू काही खोटं बोलत नाही. त्याच्या उंचीवरनं बघा. बाहेर लख्ख ऊन, आत एकदम काळोख. आपल्यालाही दोन-तीन मिनिटं धड दिसत नाही. कुठनं तरी पंपाची घरघर येते. आणि समोर त्याच्या डोक्याएवढं तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय. माशाला पापण्या नसतात, त्यामुळं डोळा मिटत नाही. तीन वर्षांच्या पोराला पापणी न हलवता कोण बघतं? रागावलेलं माणूस. मग "माझ्याकडंच बघतोय" असं वाटलं तर त्यात चुकलं कुठं? त्यात पाण्यामुळं मासा आहे त्यापेक्षा जवळ आणि जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं मोठा दिसतो. उजेडाची वाट पाण्यातनं हवेत येताना वाकते म्हणून हे होतं. पेल्यात अर्धा बुडालेला चमचा मोडल्यासारखा दिसतो, त्यातलंच. हा चमचा नातवाला घरी दाखवा, हसेल.

तोंडाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण भीतीची गाठ तिथंच बसलीय. मासा तोंडानं पाणी आत घेतो, ते कल्ल्यांवरनं जातं आणि गालामागच्या झाकणातनं बाहेर पडतं. पाण्यातला प्राणवायू तो असा घेतो. म्हणजे तोंड उघडणं हा त्याचा श्वास. नातवाला मांडीवर घेऊन तुमचा हात त्याच्या छातीवर ठेवा: "बघ, तुझी छाती वर-खाली होते की नाही? माशाचं तोंड तसं होतं." मग दोघांनी गाल फुगवून मासा व्हायचं. तुमची कवळी असेल तर आधी काढून ठेवा. आमच्या बालवाडीत एका आजोबांची याच खेळात पोरांसमोर पडली होती, आणि त्या दिवसापासनं त्यांना माशापेक्षा भाव आला.

पुन्हा न्यायचं झालं तर लगेच मोठ्या ठिकाणी नेऊ नका. रंगीत मासे विकणारी दुकानं निपाणीतही असतील. दारातल्या, उजेडातल्या टाकीपुढं दोन मिनिटं उभं राहायचं आणि नातू म्हणेल तेव्हा निघायचं. "चल" म्हणायचा हक्क त्याचा. पुढं मत्स्यालयात गेलात तर दाराशी थांबून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि पहिल्यांदा बोटाएवढ्या माशांची टाकी शोधा. मोठ्या टाकीकडं पाठ करून न्या, बिघडत नाही. राहिली तर राहिली.

मत्स्यालयात काचेवर टकटक केलं की मासा वळतो म्हणून मुलांना मजा येते. तिथला माणूस ओरडला. एवढं काय त्यात? आणि फोटो काढलेला चालतो का?
एक वडील, हिंडलगा

तुमच्या कानाशी कुणी पत्र्याचा डबा बडवला तर तुम्हीही वळाल की. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चारपटीहून जास्त वेगानं जातो. शिवाय माशाच्या कुशीला डोक्यापासनं शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिच्यानं त्याला पाण्याचा नुसता हेलकावाही कळतो. बांगडा धुताना निरखून बघा, बोटाला नाही पण डोळ्याला सापडेल. ओरडला ते बरं केलं. फोटो काढा, फ्लॅश बंद करून. तसाही फ्लॅशच्या फोटोत मासा येत नाही, काचेत तुम्हीच येता.

बाई, आम्ही मासे खाणारे. रत्नागिरीहून आल्यापासून पाच वर्षांची लेक ताटात मासा आला की "हा तिथलाच काय गं?" म्हणून विचारते आणि खात नाही. सासूबाई म्हणतात, कशाला नेलंस पोरीला ते बघायला, बारा महिन्यांचा घास गेला. मी तिला "हे मासे वेगळे, त्यांना काही होत नाही" असं सांगितलं. बरोबर केलं का?
एक आई, खानापूर

पहिला भाग खरा सांगितलात, दुसरा खोटा, आणि पोरीला दोन्ही कळलंय. पाच वर्षांच्या पोरीला फसवायला जाऊ नये. ती आत्ता मान हलवते आणि सातव्या वर्षी बरोबर काढून दाखवते.

तिचा प्रश्न मला फार आवडला. "हा तिथलाच काय?" म्हणजे तिला टाकीतला मासा आणि आमटीतला मासा एकच आहेत हे आपलं आपण कळलं. आपण मोठी माणसं ते कळायचं टाळतो. काचेपुढं "किती गोड" म्हणायचं आणि बाहेर येऊन सुरमईची थाळी मागवायची. मीही तेच करते, नाही म्हणत नाही.

सरळ सांगा: तिथले मासे तिथंच आहेत, त्यांना कुणी खात नाही. आपला बांगडा समुद्रातनं होडीवाल्यांनी धरून आणलेला. तो जिवंत होता, आता नाही. आपल्या घरात तो खातात. तुला नको असेल तर नको. एवढं बोलून गप्प बसा आणि तिला आमटीऐवजी दुसरं काही वाढा. हुलग्याचं पिठलं, अंडं, शेंगदाण्याची चटणी, डाळ यात तिचं पोषण होतं. जबरदस्तीनं भरवलेला घास ती वीस वर्षं लक्षात ठेवेल. सोडून दिलंत तर महिन्याभरात आपणहून तिरफळाच्या वासानं येऊन बसेलही, नाही बसली तर घरात एक शाकाहारी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, श्रावणात आपण सगळे महिनाभर राहतोच की.

आणखी एक करता येईल. होडीवालेही वर्षभर मासे धरत नाहीत. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. मी हे पोरांना "माशांची सुट्टी" म्हणून सांगायची. आपल्या शाळा भरतात तेव्हा त्यांची सुट्टी लागते, याची पोरांना फार मौज वाटायची.

आमच्या वर्गाची एक गोष्ट सांगते. एकदा पोरांना मासळी बाजारात नेलं. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, दोन घरांतनं चिठ्ठ्या आल्या की आमच्या मुलाला नेऊ नका. त्यांना नेलं नाही. बाजारातल्या मावशीनं बांगड्याचं गालफड अंगठ्यानं वर केलं आणि आतला लालभडक कल्ला दाखवला: "लाल म्हंजे ताजा. काळा पडला की घेऊ नगंसा." एका पोरीनं विचारलं, "लाल का?" मावशी म्हणाली, "रगात असतंय की गं, तिथनंच त्यो दम घेतोय." मी आठवडाभर फळ्यावर चित्र काढून जे शिकवणार होते ते तिनं एका अंगठ्यानं शिकवलं. एक पोरगा सगळा वेळ नाक धरून उभा होता. तोच घरी जाऊन आईला म्हणाला, उद्यापासनं मासे मी निवडणार.

तुमच्या लेकीला बाजारात न्या असं मी म्हणत नाही. ती म्हणाली तर न्या.

मत्स्यालय बघून आल्यावर मुलानं हट्ट धरला म्हणून काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश आणले. चौथ्या दिवशी दोन्ही मेले. पाणी रोज बदलत होतो. मुलगा रडतोय. दुकानदार म्हणतो, दुसरे घेऊन जा. आणू का?
एक वडील, चिकोडी

नका आणू. दुकानदाराचं काय जातं?

रोज बदललंत हेच बहुधा नडलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तुम्ही ते रोज ताजं ताजं घालत होता. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं. शिवाय माशाच्या विष्ठेतनं, उरलेल्या खाण्यातनं अमोनिया तयार होतो, तो माशाला विषासारखा. टाकीत जुनं पाणी, जाळी, खडे असले की त्यांच्यावर जिवाणू वाढतात आणि अमोनिया पचवून सौम्य करतात. पण ते वाढायला चार-सहा आठवडे लागतात. तुमच्या भांड्यात त्यांना ना जागा मिळाली ना वेळ. मत्स्यालयात काचेमागं ही सगळी यंत्रं दिवसरात्र चालू असतात, म्हणून तो मासा ऐटीत फिरतो.

गोल्डफिश मुळात भांड्यातला मासा नव्हे. नीट ठेवला तर वीतभर वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगतो. म्हणजे तो पाळायचा तर मुलगा दहावी होईपर्यंतची तयारी हवी.

अंगणात दगडी डोणी किंवा हौद असेल तर गप्पी मासे सोडा. आरोग्य खातं ते डासांच्या अळ्या खायला म्हणून सोडतंच. यंत्र लागत नाही आणि पोराला रोज सकाळी पिल्लं मोजायचं काम मिळतं. मात्र ते फार वाढले म्हणून ओढ्यात, तळ्यात, नदीत नेऊन ओतू नका. बाहेरचा मासा आपल्या देशी माशांच्या मुळावर येतो. आणि दुकानदार कासव दाखवील. चांदणीची नक्षी असलेलं कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

मेलेले मासे गुपचूप टाकून दिलेत का? दिले नसतील तर मुलाला घेऊन जास्वंदीच्या मुळाशी पुरा. रडू दे त्याला.

मी चौथी शिकलेली. नात पहिलीत आहे. लेक सगळ्यांना घेऊन कारवारला मासे बघायला जाणार म्हणतोय. तिथं पाट्या कानडी आणि इंग्रजी. मला वाचता येत नाही, मी नातीला काय सांगणार? घरीच राहू काय?
एक आजी, येळ्ळूर

आजी, घरी कशाला? तुम्ही सांगायचंच नाही, तिनं सांगायचं. आपल्या मराठी शाळेतली पोरं कानडी शिकतातच. मला स्वतःला कानडी अक्षर लावायला वेळ लागतो. गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या नातीला घेऊन एका मत्स्यालयात गेले. मी काचेला हात टेकून उभी, तर ही एकेक अक्षर जोडून पाटी वाचते: "मु-ट्ट-बे-डि. अज्जी, हात काढ, हात लावू नका म्हणून लिहिलंय!" आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. पुढं तिला "नक्षत्र मीनु" सापडला आणि तारामासा समोर दिसल्यावर तिचा आनंद काय वर्णावा. तो खरं म्हणजे मासाच नव्हे, त्याला ना कल्ले ना मेंदू, ना अंगात रक्त. पण ते मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही, वाचल्याचा आनंद चालू होता.

तुमच्याकडं दुसरं ज्ञान आहे की. येळ्ळूरच्या भातशेतात पावसाळ्यात चढणीचे मासे धरलेत ना तुम्ही? मरळ कसा चिखलात तग धरतो, वाम हातातनं कशी निसटते, हे सांगा नातीला. आणि मत्स्यालयात कुणी "पिरान्हा" म्हणून पाटी दाखवली तर नीट बघा. आपल्या बाजारात रूपचंद म्हणून जो मासा येतो ना, तो त्याचाच भाऊबंद. टाकीत रूपचंदच सोडलेला असला तर पहिल्यांदा तुम्हीच ओळखाल.

चष्मा तेवढा घ्या. मी विसरले होते, म्हणूनच काचेला नाक लावून उभी होते.